शिकण्यास लागणारा वेळ

आमच्या कारखान्यात मळणी यंत्रं बनतात आणि मी कागद बनवते. कुठलं काम कसं करायचं याचा तक्ता. कामगाराच्या मागे घड्याळ घेऊन उभं राहायचं, त्याचे हात बघायचे, एकेक पायरी लिहायची, पायरीपुढे सेकंद टाकायचे. सगळ्यात खाली एक ओळ असते, 'शिकण्यास लागणारा वेळ', आणि तिच्याखाली माझी सही.

हे काम मला कोणी शिकवलं नाही. मी टंकलेखनाला लागले होते. तक्ते करणारे गृहस्थ निवृत्त झाले, त्यांची खुर्ची खिडकीजवळ होती, मी जाऊन बसले आणि कुणी उठवलं नाही. एकोणीस वर्षं झाली त्याला.

दोन वर्षांपूर्वी मी सहा नंबरच्या जागेचा तक्ता केला. सहा नंबरवर माझे भावोजी, म्हणजे ताईचे यजमान. मळणी यंत्राच्या तोंडाशी दोन रूळ असतात, ते पेंढी धरून आत ओढतात. पेंढीच्या नादात माणसाचा हातही ओढतात, म्हणून वर आडवा लाल दांडा असतो. छातीने, कोपराने, कपाळाने, कशानेही ढकलला की रूळ जागच्या जागी थांबले पाहिजेत. तो दांडा आणि त्यामागची स्प्रिंग बसवणं हे सहा नंबरचं काम. मी चौदा पायऱ्या लिहिल्या. चौदावी होती, 'नट खुणेपर्यंत आवळणे.' काम आटोपून भावोजी हात मागे बांधून उभे राहिले, तेव्हा शेऱ्यात मी लिहिलं, 'कामगाराकडे वेळ शिल्लक राहतो.' आणि खाली, 'शिकण्यास लागणारा वेळ: चार दिवस.'

खोटं नव्हतं ते. मला जे दिसलं ते मी लिहिलं.

यंदा कंपनीने सहा नंबर आणि तशाच तीसेक जागा कुशल श्रेणीतून काढून अर्धकुशल केल्या. जे चार दिवसांत येतं ते कसलं कौशल्य, असा मुद्दा. नवीन माणसं खालच्या श्रेणीत घ्यायची आणि जुन्यांनाही तिथेच आणून बसवायचं. युनियनने संप केला. प्रकरण कामगार अधिकाऱ्यांपुढे गेलं, सुनावणीची तारीख पडली आणि कंपनीच्या कागदांत सतराव्या पानावर माझा तक्ता लागला. सहीसकट.

यंत्रं मात्र निघायलाच हवी होती. मग ऑफिसातल्या सगळ्यांना खाली कामाला लावलं. आमचे उत्पादन साहेब एरवी भला माणूस, पण प्रत्येक वाक्यात 'पटापट' म्हणतात, म्हणून मागे सगळे त्यांना पटापट साहेबच म्हणतात. त्यांनी जागा वाटल्या. जावक विभागाच्या टपालकाकांना, ज्यांनी जन्मात पाकिटाखेरीज काही चिकटवलं नव्हतं, पाच नंबर दिला. मला म्हणाले, "तक्ता तुमचा, तेव्हा सहा नंबर तुमचा. पटापट जमेल तुम्हाला."

पहिल्या दिवशी फाटकातून आत शिरले. बाहेर सतरंजीवर संपकरी बसले होते, त्यांत भावोजी. संपात एक ठराव झाला होता, आत जाणाऱ्याशी बोलायचं नाही. कुणी शिवी दिली नाही. भावोजींनी माझ्याकडे बघितलं आणि चपलेचा अंगठा सरळ करायला लागले. तो अंगठा चांगला धडधाकट होता.

सहा नंबरवर त्यांनी पायाखाली एक फळी ठेवलेली होती, उंचीसाठी. मी त्यांच्यापेक्षा वीतभर बुटकी, म्हणून दोन ठेवल्या. खणात नट आवळायचे पाने, खडू, एक तुटका आरसा आणि एक जाड कातडी हातमोजा. एकच. आत काथ्या ठासून भरलेला, मनगटाशी काठीला बांधलेला. म्हटलं, जळमटं काढायला असेल. नऊ दिवस मी त्याने ग्रीस पुसलं.

माझ्याच तक्त्यावरून काम करताना मला तक्ता लिहिणारीचा इतका राग आला म्हणून सांगू! 'दांडा खाचेत बसवणे, बारा सेकंद.' तो बसेना. बसला तर सुटेना. चौथ्या दिवशी माझं पहिलं यंत्र झालं. टपालकाकांनी विचारलं, "बाई, चार दिवस झाले. शिकलात का?"

"तुमचं काय?"

"मी अजून नट कुठल्या बाजूला फिरतो यावर आहे."

नवव्या दिवसअखेर माझी अकरा यंत्रं तयार होऊन शेडच्या टोकाला उभी राहिली. नट खुणेपर्यंत आवळलेले. सोमवारी दुपारी ट्रक यायचा होता, आणि त्याआधी प्रत्येक यंत्राच्या पुठ्ठ्यावर 'तपासले' म्हणून माझी सही हवी होती. शनिवारी सुटताना ग्रीस पुसायला मोजा उचलला आणि प्रथमच नीट पाहिला. चारही बोटांवर दुसऱ्या पेराच्या अलीकडे दाबल्याच्या आडव्या रेघा. एकावर एक, शेकडो. अंगठ्याची शिवण उसवून परत घातलेली, पांढऱ्या दोऱ्याने, शेवटी दोन गाठी आणि वर एक उलटा टाका.

तो उलटा टाका जगात एकच बाई घालते. माझ्या परकराची नाडी, दप्तराचा बंद, सगळं तिनेच असं शिवलेलं आहे.

रविवारी सकाळी मोजा पिशवीत घालून ताईकडे गेले. तिने दार उघडलं, पण दारातच उभी राहिली.

"कामगार बाई आल्या," ती म्हणाली. "हात बघू. अगं बाई, फोड! मलम आणलं नाहीस ते? की त्याचाही तक्ता करायचाय?"

"ताई, आत येऊ दे."

"ये. शेजारी बघतायत म्हणून ये."

स्वयंपाकघरात भावोजी भाजी निवडत बसले होते. संपाने माणसाला कायकाय शिकवलं होतं. मला पाहून त्यांनी पाट फिरवला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी मोजा टेबलावर ठेवला.

"हा कशासाठी आहे?" मी विचारलं.

भावोजी भिंतीला म्हणाले, "हिला सांग, ठराव झालाय. मी बोलू शकत नाही."

ताई माझ्याकडे वळली. "ते बोलू शकत नाहीत."

"ऐकलं मी."

"मग मला कशाला विचारतेस?"

"ताई, अकरा यंत्रं उभी आहेत. उद्या माझ्या सहीने जाणार. ह्या मोज्यावर रेघा आहेत आणि माझ्या तक्त्यात मोजा नाही. काहीतरी राहिलंय माझं, एवढं कळतंय मला. उद्या कुणाचा हात आत गेला तर?"

भावोजींच्या हातातली शेंग मोडायची थांबली. मग ते भिंतीलाच म्हणाले, "तिला विचार, रूळ चालू ठेवून मोजा घातला का? बोटं आत जाताच दांडा ढकलायचा. कुठपर्यंत जातो?"

"कुठपर्यंत जातो, विचारतायत."

"नाही घातला. ग्रीस पुसलं."

ताईने कपाळाला हात लावला. भिंतीकडून एक आवाज आला. ते हसले की खोकले, कळलं नाही.

"तिला सांग, खूण नुसती नावाला आहे. स्प्रिंगा दर खोक्यात वेगळ्या येतात, एक कडक, एक मऊ. दुसऱ्या पेराच्या आत थांबला पाहिजे. मनगटापर्यंत गेला तर अर्धा फेरा सैल करायचा, परत घालायचा. परत, परत. हाताला कळेपर्यंत."

"मग तेव्हा का नाही दाखवलंत?" मी थेटच विचारलं. "मी मागे उभी होते. दिवसभर!"

आता ताईनेच उत्तर दिलं, कुणी सांग म्हणायची वाट न बघता. "दाखवलं असतं तर तू लिहिलं असतंस. लिहिलं असतंस तर साहेबाने जादा वेळ म्हणून कापलं असतं. एकदा कापलं की करायला बंदी. म्हणून हे आपल्या चहाच्या सुटीत करतात. अकरा वर्षं चहा गार पितायत ते, आणि तू लिहिलंस वेळ शिल्लक राहतो."

मी मोज्याकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांत माझ्या तक्त्यांत असं काय काय राहिलं असेल, कुणाकुणाचे गार चहा, याचा हिशोब माझ्या घड्याळात नव्हता.

निघताना भावोजी भिंतीला म्हणाले, "तिला सांग, हे सांगून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतोय. मोजाही कंपनीच्या हातात गेला तर आमच्याकडे राहिलं काय? पण रुळात जातो तो हात त्यांचा नसतो ना. पेंढी घालणाऱ्याचा असतो."

ताई दारापर्यंत आली. मोज्याच्या करंगळीचा उसवलेला टाका तिने तिथेच उभ्याने घातला, दोन गाठी आणि एक उलटा, दाताने दोरा तोडला आणि म्हणाली, "आता ग्रीस पुसू नकोस."

सोमवारी टपालकाकांना हाताशी घेतलं. चाचणीची मोटर ढकलत आम्ही एकेका यंत्राशी नेली, पट्टा चढवला, रूळ सुरू केले. मी काठी धरून मोजा आत सरकवायचा, मी 'हां' म्हटलं की काकांनी दांडा ढकलायचा. पहिल्या यंत्राने मोजा दुसऱ्या पेराशी सोडला. मला उगाच वाटलं, जमलंय की. दुसऱ्याने मनगटापर्यंत ओढला. तिसऱ्याने मनगट, काठी आणि काठीबरोबर मला पुढे ओढलं. काका ओरडले आणि त्यांनी अंगाने दांडा रेटला. नंतर ते एका खोक्यावर बसले आणि पाणी मागितलं.

अकरापैकी सात चुकली होती. मी अर्धा अर्धा फेरा सैल करून पाहिलं. एकदा दांडा इतका सैल झाला की नुसत्या धक्क्याने रूळ थांबायला लागले. शेतात असा दांडा लोक दोरीने बांधून टाकतात, मग तो असून नसल्यासारखा. हाताला कळेपर्यंत, म्हणाले होते. माझ्या हाताला काही कळत नव्हतं.

बाराच्या सुमाराला पटापट साहेब आले. त्यांच्याही बोटांना रंग लागलेला, त्यांना रंगाच्या खोलीत लावलं होतं. दर तासाला वरून फोन येत होता आणि चेहरा उतरला होता.

"सह्या झाल्या?"

मी मोजा दाखवला, सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, हे मी परत सांगते. यंत्राकडे बघताना स्वतःचे हात त्यांनी नकळत खिशात घातले.

"मग उत्तमच," ते म्हणाले. "तुम्हाला युक्ती कळली ना? तक्त्यात घाला. पंधरावी पायरी. दुपारपर्यंत सगळी यंत्रं नीट करा. परवा सुनावणीत सुधारित तक्ताच देऊन टाकू, पटापट."

मी वर माझ्या खिडकीशी गेले. कागद घेतला. पंधरावी पायरी लिहिली, एक शब्दही न गाळता: मोजा, काथ्या, दुसरं पेर, अर्धा फेरा, परत. वेळ लिहिला तीन मिनिटं वीस सेकंद, कारण एकदा मोजा घालून बघायला मला तेवढा लागला होता. शेऱ्यातली वेळ शिल्लक राहण्याची ओळ खोडली. मग खालच्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. 'चार दिवस' वर रेघ मारली आणि लिहिलं:

'शिकण्यास लागणारा वेळ: सांगता येत नाही. तक्ता लिहिणारीने स्वतः नऊ दिवस काम केले. अकरापैकी सात यंत्रे चुकली. शिकवणारा माणूस शेजारी उभा असणे आवश्यक. तो सध्या फाटकाबाहेर आहे.'

सही केली. तीन प्रती काढल्या. एक साहेबांसाठी, एक सुनावणीसाठी, एक पिशवीत.

साहेबांनी वाचलं. दोनदा वाचलं. "खालचं काढा," ते हळूच म्हणाले. "पायरी राहू दे. खालचं काढा. मी तुमच्या भल्याचं सांगतोय."

"साहेब, ते चार दिवस मीच लिहिले होते. तेव्हा तुम्ही काढा म्हणाला नाहीत."

"आणि सह्या?"

"चार यंत्रांवर करते. सातांवर नाही."

ते खुर्चीत मागे टेकले. फोन वाजला, त्यांनी तो तसाच वाजू दिला. शेवटी म्हणाले, "पुढचा आदेश येईपर्यंत तुम्ही येऊ नका. लेखी देतो." आणि कागद पुढे सरकवताना, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सावकाश म्हणाले, "फोडांना काहीतरी लावा."

ट्रक चार यंत्रं घेऊन निघाला. त्याच्या मागून मी, पिशवी घेऊन. टपालकाका शेडच्या दारात उभे राहून हात हलवत होते, जसं काही मला पोस्टात टाकलंय.

फाटकाबाहेर सतरंजीवर सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी पिशवीतून तिसरी प्रत काढून युनियनच्या माणसाला दिली, त्याने ती मोठ्याने वाचली. शेवटच्या ओळीला कुणी टाळी वाजवली, कुणी 'वाचा परत' म्हणालं. परवा सुनावणीत ह्या कागदाचं काय होणार, कोण जाणे. कंपनीचा वकीलही वाचायला शिकलेला असणारच.

भावोजींनी सतरंजीवरची आपली चप्पल उचलून पलीकडे ठेवली आणि थोडे सरकले. मी बसले. मोजा त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी करंगळीचा नवा टाका अंगठ्याने चाचपला.

"आता आत जात नाहीस ना?" ते थेट माझ्याशी बोलले. दहा दिवसांनी.

"काढलंय."

"मग ठराव लागू नाही." त्यांनी कागद मागून घेतला, डोळ्यांपासून लांब धरून वाचला आणि भुवया वर केल्या. "तीन मिनिटं वीस सेकंद?"

"हो."

"मला दोन लागतात, धाकटे. परत चुकीचा तक्ता लिहिलास."