बाण कुठे करायचा

वसुंधरेने मोदकपात्राचं झाकण उचललं, तर आत पिस्टन वाफ घेत बसलेला.

तिने झाकण परत ठेवलं आणि पोर्चच्या दिशेने ओरडली, "अहो, हे काय शिजत लावलंय?"

"शिजत नाही, तापतंय!" अविनाशचा आवाज आला. "पिस्टन गरम असला की पिन हाताने आत सरकते, ठोकावी लागत नाही. काळ्याने सांगितलंय."

नवीन पनवेलच्या या रो-हाउसमध्ये सध्या प्रत्येक गुन्ह्याला हाच जामीन होता. इंजिनाचा ब्लॉक धुऊन तिच्या पाटावर उपडा घातलेला, कारण काळ्याने सांगितलंय. पिस्टनच्या नव्या रिंगा तिच्या बांगड्यांच्या डब्यात, कारण त्या जरा वाकल्या की मोडतात, असं काळ्याने सांगितलंय. हेडवरची काजळी खरवडायला तिचं लाकडी उलथनं घ्यायची कल्पना मात्र अविनाशला स्वतःलाच सुचली होती.

काळ्या म्हणजे काळूराम. दोघं तळोज्याच्या कंपनीत एकाच पाळीत लागले, तेव्हा त्यांनी मिळून ही येझदी मोटरसायकल घेतली. एकाने चालवायची आणि दुसऱ्याने मागे बसून चुका काढायच्या. पुढे काळूरामची गावची जमीन विमानतळात गेली. त्याने नोकरी सोडून द्रोणागिरीला गोदामं टाकली, गळ्यात जाड साखळी आली. येझदी अविनाशच्या पोर्चमध्येच राहिली, आणि दर रविवारी काळूराम तिच्याशेजारी खुर्ची टाकून बसायला येत राहिला. गाडी कधीचीच बंद पडली होती, पण बसण्यात खंड नव्हता.

आता काळूरामच्या मुलीचं, मनस्वीचं, लग्न निघालं होतं. शनिवारी हळद. हळदीच्या मांडवात आपण येझदीवरून शिरायचं आणि मागे अविनाशने बसायचं, हे त्याने परस्पर जाहीर करून टाकलं होतं. पण किक मारली तर पाय लोण्यात गेल्यासारखा खाली जायचा. दम म्हणून उरला नव्हता गाडीत. म्हणून इंजिनाचा वरचा सगळा भाग खोलला गेला. मेकॅनिककडे का देत नाही, असं वसुंधरेने एकदाच विचारलं होतं. मुलीचं कन्यादान करायला भाड्याने माणूस आणा, असं काही ती बोलून गेल्यासारखं दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

अविनाश लगबगीने आत आला. पिस्टन फडक्यात उचलला. फडकंही तिचंच. दुसऱ्या हाताने त्याने फोन लावून स्पीकरवर टाकला. सकाळपासून त्याने फोनचा नुसता सपाटा लावला होता.

"काळ्या, पिस्टनवर बाण आहे. कुठे करायचा? लवकर बोल, गार होतोय!"

पलीकडे मांडव घालणाऱ्यांची ठोकाठोक चालली होती, कोणीतरी माइक तपासत होतं.

"पुरं!" काळूराम ओरडला.

"काय?"

"पुरं रे, पुरं!" आणि फोन बंद.

अविनाश मूळचा साताऱ्याकडचा. त्याची आई ताटावर हात आडवा धरून "पुरं" म्हणायची, तेव्हा वाढणाऱ्याने पळी मागे घ्यायची. पुरं म्हणजे बास.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "मला पुरं म्हणाला."

"लग्नघर आहे. वैतागले असतील."

"माझ्यावर?"

वसुंधरेने मोदकपात्राखालचा गॅस बंद केला. तिनेही तेच ऐकलं होतं. अविनाश पिस्टन घेऊन पोर्चमध्ये गेला, आणि कोणाला काही न विचारता त्याने बाण मागे केला. धूर मागे जातो, म्हणजे बाणही मागेच असणार, असा त्याचा हिशेब.

गाडी जोडून झाली आणि सुरू झाली नाही. पुढचे दोन दिवस तो किक मारत होता, प्लग पुसत होता, पुन्हा किक मारत होता. पोटरीला वसुंधरेने लेप लावून दिला. काळूरामचे फोन वाजून वाजून बंद व्हायचे.

"उचला हो तो फोन."

"कशाला? पुरं झालंय ना त्याला."

"लहान आहात का? शनिवारी तिथे जायचंय."

"तू जा. आहेर दे, जेव, ये."

वसुंधरा कणीक तिंबता तिंबता चरफडत होती. या माणसाला मित्र असा एकच. कंपनी सुटल्यावर बाकीचे सकाळच्या फुलांच्या फोटोंपुरते उरले होते. हा एक गेला, तर अविनाश रविवारी स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसेल आणि तिच्या फोडणीतल्या चुका काढेल. आणि काढल्या नाहीत, नुसताच गप्प बसून राहिला, तर? ते तिला जास्त वाईट दिसत होतं.

शुक्रवारी दुपारच्या जेवणाआधी चंद्रावतीचा, काळूरामच्या बायकोचा, फोन आला.

"ताई, भाऊजी फोन उचलत नाय. आमच्या यांनी जेवन टाकलंय. अविनाशला राग आला म्हनतात, पन कसला ते कलत नाय."

"राग येणारच की, वहिनी. भाऊजी असं कसं बोलले त्यांना?"

"थांबा हां ताई. अरं ए टेम्पोवाल्या! गारी पुरं घे! अजून पुरं! अरं पुरं, पुरं!"

वसुंधरेचे कणकेतले हात थांबले.

"वहिनी, काय सांगितलंत त्याला?"

"कोनाला? टेम्पोवाल्याला? गारी पुरं घे म्हनलं."

"म्हणजे बास कर?"

"बास कशी? खुर्च्या उतरवायच्यान ना! पुरं म्हंजे..." चंद्रावती अडली, मग शाळेत वाचायला उभं केल्यासारखी म्हणाली, "पु-ढे."

वसुंधरा तशाच हातांनी पोर्चमध्ये गेली. "अहो, बाण पुढे करायचा होता."

"कोण म्हणतं?"

"काळूरामभाऊजी. परवाच म्हणाले. त्यांच्याकडे पुढेला पुरं म्हणतात."

अविनाशने पाना खाली ठेवला. "काहीतरीच. इतकी वर्षं बोलतोय मी त्याच्याशी. गाडीला गाडी म्हणतो तो, पुढेला पुढे."

"तुमच्याशी. घरात नाही म्हणत."

तो टाकीवरचा डाग अंगठ्याने पुसू लागला. "मग परवा मला का..."

तिने फोन त्याच्या ग्रीसच्या हातात कोंबला आणि आत जाऊन स्वतःचे हात धुतले.

काळूराम आला तो पांढऱ्याशुभ्र लिननच्या कपड्यांत. चप्पल काढायच्या आधीच सुरू झाला.

"मी पुरं म्हनलं, आनि तू मागं लावलास?"

"धूर मागे जातो म्हणून!"

"धूर मागं जातो, पन निघतो पुरनं! पाइप कुठं लागलाय बघ, डोलं उघरून!"

"मग नीट पुढे म्हणायचं होतंस!"

"तुझ्याशी आता तोंड सांभालून बोलू मी?"

 अविनाशने खुर्ची ओढून त्याला दिली, आणि ती फडक्याने पुसली.

मग पुन्हा हेड निघालं, ब्लॉक निघाला, मोदकपात्र गॅसवर चढलं. बाण पुढे झाला. ब्लॉकखालचं कागदी गॅस्केट फाटलं, तर काळूरामने आपल्या मोटारीतून मनस्वीची पत्रिका आणली आणि त्या जाड कार्डातून, गणपती सोडून, नवं कापलं. ब्लॉक बसवताना दोघांचे अंगठे जाड पडू लागले, तेव्हा वसुंधरेला हाक गेली. तिने रिंगा बोटांनी दाबून धरल्या. दोघं एकमेकांवर "हळू, हळू" म्हणून खेकसत राहिले, आणि ब्लॉक खाली सरकला. शाबासकी कोणी दिली नाही. तिने अपेक्षाही केली नव्हती.

काळूरामने किक मारली. पुन्हा मारली. मग येझदी अशी फटफटली, की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या.

"चल, एक चक्कर!"

"अहो, पानं वाढलीत! कपडे तरी बदला!"

अविनाश लेंग्यावरच मागे बसला. धूर निवळायच्या आत दोघं कोपऱ्यावरून दिसेनासे झाले.

तिने वाट पाहिली, मग जेवून घेतलं. ताट घासत असताना फोन आला.

"वहिनी," काळूराम म्हणाला, "गारी बंद परली. खांदा कॉलनीच्या सिग्नलला. पेट्रोल संपलं."

"तिला सांग, पेट्रोल बघायचं काम तुझं होतं!" मागून अविनाश ओरडत होता.

"माझं? पोर्च कोनाचा?"

"ढकलत या," वसुंधरा म्हणाली. आणि फोन ठेवताना तिला राहवेना. "सावकाश या. घाई नाही."