अबोल्यातलं ऑम्लेट

नवरा-बायकोचं भांडण कशावरून व्हावं याला काही धरबंध नसतो. या दोघांचं बाथरूमच्या उतारावरून झालं. नवरा फरश्या बसवणारा. जगाची घरं चकाचक करून झाल्यावर त्याने एकदाचा स्वतःच्या बाथरूमला हात लावला, आणि बायको चार पाहुण्यांसमोर म्हणाली, "बाकी छान झालंय, फक्त पाणी कोपऱ्यात तुंबतं." तुंबत होतंच. पण खरं बोलायलाही वेळकाळ असतो. फरशीवाल्याला उतार चुकला म्हणणं म्हणजे आचाऱ्याला तुझ्या हाताला चव नाही म्हणण्यासारखं. तो म्हणाला, "मग उद्यापासून आंघोळीला दुसरीकडे जा." ती म्हणाली, "जाईन." गेली कुठेच नाही, पण त्या दिवसापासून बोलणं बंद.

अबोल्याचेही कायदे असतात. घरात मूल असलं की निरोप त्याच्याकरवी जातात. यांच्याकडे मूल नव्हतं, फ्रिज होता. "कुणाला चहा हवा असेल तर पातेल्यात आहे," ती फ्रिजला सांगायची. "कुणी केलाच असेल तर घेऊ," तोही फ्रिजलाच सांगायचा. जो आधी थेट बोलेल तो हरला, आणि हार मानायची दोघांच्याही घराण्यात पद्धत नव्हती.

गंमत म्हणजे बोलण्यावरच तिचं पोट चालायचं. बसस्थानकावर माईकसमोर बसून ती दिवसभर गाड्यांची माहिती द्यायची. तिच्या त्या आवाजात राग नव्हता, लोभ नव्हता, घाई तर नव्हतीच. गाडी वाटेत बंद पडली तरी ती अशा सुरात सांगायची की लोक निमूटपणे पुन्हा बाकावर बसत. घरातला आवाज वेगळा. तो शेजाऱ्यांनाही पाठ होता.

त्या रविवारी सकाळी नवरा स्वतःपुरतं ऑम्लेट करायला उभा राहिला. अंडी फेटली, कांदा चिरला आणि मसाल्यांच्या फळीवरून एक बरणी काढून त्यातलं मूठभर कढईत टाकलं. बरणीत सुकवलेले मशरूम होते. बरणी बायकोच्या धाकट्या भावाची होती. हा भाऊ मनःशांतीच्या मागे हात धुऊन लागलेला. श्वास रोखून झाला, डोक्यावर उभं राहून झालं, शेवटी या बरणीपर्यंत पोचला होता. "ताई, ठेव तुझ्याकडे," तो म्हणाला होता. "पण कुणाला खाऊ देऊ नकोस. डोकं फिरतं याने." आणि तिने ती कुठे लपवायची सोडून जिऱ्याशेजारी ठेवली होती.

नवऱ्याच्या हातात बरणी पाहून तिच्या ओठांवर शब्द आले. 'ते नको.' एवढंच म्हणायचं होतं. पण ते थेट बोलणं झालं असतं. ती खोकली. पुन्हा मोठ्याने खोकली. मग फ्रिजला म्हणाली, "दुसऱ्याच्या बरण्यांना हात लावू नये म्हणतात." नवऱ्याने बरणीकडे पाहिलं, फ्रिजकडे पाहिलं आणि आणखी एक मूठ कढईत टाकली. खा मग, तिला वाटलं, बिघडलं पोट तर बिघडू दे. असं वाटल्याची तिला पुढे फार लाज वाटली.

पुढे म्हणजे तासाभरातच. "फरशी कोण हलवतंय?" नवऱ्याने फ्रिजला विचारलं. मग तो बाहेरच्या खोलीत गुडघ्यांवर बसला, जमिनीला कान लावला आणि पांढरा पडला. "पोकळ वाजतेय. सगळी सुटलीय. श्वास घेतेय ती." उठून त्याने अवजारांच्या पिशवीतून हातोडी आणि छिन्नी काढली.

"अहो!" ती ओरडली. किती दिवसांनी ओरडली.

तो भिंतीला जाऊन चिकटला. "हा आवाज तर बंद झालाय," तो थरथरत म्हणाला. "बंद झालेला आवाज कुठून येतोय?" त्याने हातोडी छातीशी धरली. ती स्वयंपाकघरात गेली, दारातून त्याच्यावर नजर ठेवून तिने आरोग्याच्या मदत क्रमांकाला फोन लावला.

फोनवरच्या नर्सने शांतपणे सगळं विचारून घेतलं. छातीत दुखतंय का, ताप, झटके, हृदयाचं औषध चालू आहे का? नाही. मशरूम कुठले? भावाने आणलेले, त्याने स्वतः यातलेच खाल्लेत. त्याला काही झालं? "नाही हो, तो आधीपासूनच तसा आहे." नर्सने ऐकून घेतलं आणि सांगितलं, एकटं सोडू नका, गॅलरीचं दार लावा, अवजारं, चाव्या दूर ठेवा. दारू नाही, दुसरी गोळी नाही. वाद घालू नका. काय खाल्लंय आणि ते संध्याकाळपर्यंत उतरेल, हे पुन्हा पुन्हा सांगा. अंग तापलं, झटका आला, शुद्ध हरपली किंवा आवरेनासा झाला तर लगेच रुग्णवाहिका. आणि बरं वाटलं तरी उद्या डॉक्टरांना दाखवाच.

"आणि बोलत राहा. ओळखीच्या, शांत आवाजात."

"आमचा अबोला आहे," ती म्हणाली.

"आज सुट्टी द्या त्याला," नर्स म्हणाली.

पण घरातल्या आवाजाला तो भीत होता. तिने गॅलरीला कडी घातली, दारात उभी राहिली, घसा साफ केला आणि दुसरा आवाज काढला.

"प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावं."

नवरा ताठ बसला. सवयीने त्याने आपली बॅग कुठे आहे ते पाहिलं.

"आपण चुकून मशरूम खाल्ले आहेत. त्यामुळे फरशी हलल्यासारखी दिसते. फरशी सुस्थितीत आहे. हा त्रास संध्याकाळपर्यंत आपोआप थांबेल. प्रवाशांनी हातोडी व छिन्नी खिडकीत जमा करावी."

त्याने दोन्ही वस्तू तिच्या हातात दिल्या. पावतीही मागितली. ती म्हणाली, पावती मिळणार नाही. त्याला हे अगदी पटलं.

दुपारभर ती बोलत होती. पडदे ओढले, त्याला गादीवर बसवलं, घोट घोट पाणी दिलं. भिंत जवळ आली की भिंत जागेवर असल्याची घोषणा झाली. तो रडायला लागला की रडण्यास हरकत नसल्याची घोषणा झाली. मधूनच कपाळाला हात लावून ती ताप बघायची, पण घोषणेचा सूर ढळू द्यायची नाही. मनात ती सारखी स्वतःला शिव्या घालत होती. दोन शब्द, मेली, दोन शब्द जड झाले होते तुला?

उन्हं कलली तशी फरशी एकेक करून जागेवर बसली. तो निपचित होता, डोळे छताकडे. मग हळूच म्हणाला, "बाई, एक चौकशी होती."

"विचारा."

"आमच्या घरी बोलणं बंद आहे. कधी सुरू होईल, काही सूचना आलीय का?"

'थोड्याच वेळात' हे उत्तर तिच्या जिभेवर तयार होतं. आगारातून निघालीही नाही अशा गाड्यांसाठी ती ते रोज द्यायची. आज देववेना. "कशामुळे बंद आहे?" तिने विचारलं.

"उतार चुकला माझा. पहिल्या दिवशीच कळलं होतं मला. पण ते जाऊ द्या. सकाळी ती खोकत होती ना, तेव्हाच कळलं, बरणीत काहीतरी गडबड आहे. म्हणून आणखी मूठभर घातले."

"का?"

"म्हटलं, आता तरी बोलेल. नाहीच बोलली, तर समजायचं संपलं. नाही बोलली हो."

तिने घोषणेसाठी श्वास घेतला. तो आवाज आलाच नाही. आलं ते रडू, आणि रडण्यापाठोपाठ घरातला आवाज, शेजाऱ्यांना ऐकू जाईल असा. "अहो, अक्कल गहाण टाकली होतीत का? काही झालं असतं तर? मी त्या फ्रिजशी संसार करणार होते का? उतार चुकला तर चुकला, मी रोज फडक्याने पुसेन, पण असं कुणी करतं का, सांगा ना, असं कुणी करतं?"

तो कुशीवर वळला. मग तिच्या खांद्यापलीकडे पाहून त्याने नम्रपणे हात जोडले.

"बाई, तुम्ही आता गेलात तरी चालेल," तो म्हणाला. "आमची ही आली."