पौर्णिमा ढगे यांचे संशोधन

"आई, कम्प्युटरले मी दोन बाया दिसून राहिली," मुलगी म्हणाली आणि हसली. ते हसणं काही खरं नव्हतं.

मी अकोल्याहून अमरावतीला तिच्याकडे आले होते. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीसाठी तिला संध्याकाळपर्यंत कॉलेजात माहिती द्यायची होती. कुणाचे किती शोधनिबंध, पुढे किती जणांनी त्यांचा आधार घेतला, हे आता एका वेबसाइटवरून मोजतात. तिथे अश्लेषा येऊल या नावावर निम्मेच निबंध निघाले. बाकीचे, आणि तेच जास्त नावाजलेले, पौर्णिमा ढगे नावाच्या कुणा दुसऱ्या बाईचे.

दोघी एकच. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवं नाव लिहिलं, तेव्हा माझी पौर्णिमा अश्लेषा झाली. निबंधांचं काय होईल, हे तेव्हा कुणाच्या डोक्यात येणार?

"छाननी समितीतले सर म्हणे, मॅडम, त्या ढगेबाईचा आधार तुमी लय घेता. सोताचंही काही दाखवा."

जावई चहा पीत होते. "त्या बाईले एकदा जेवाले बोलाव," गौरांगराव म्हणाले.

मला अंजनगाव सुर्जीचा आमचा पानमळा आठवत होता. नागवेलीची मुळं कुजत, हिरव्यागार वेली माना टाकत. पौर्णिमानं पीएचडीला तोच विषय घेतला. पानमळ्यात चपला घालून जायचं नाही. तिचे सर पाहायला आले, तर ह्यांनी, म्हणजे खुशालरावांनी, त्यांनाही बूट काढायला लावले. मुळं ओल्या फडक्यात गुंडाळून हे एसटीनं अमरावतीला नेत. कंडक्टरनं विचारलं की सांगत, पोरीचा अभ्यास आहे. आता हे नाहीत. मळ्याच्या जागी संत्र्याची झाडं आहेत.

वेबसाइटवर दोन्ही बाया एक करता येत होत्या, पण नाव एकच ठेवायचं होतं. नोकरीच्या कागदांवर अश्लेषा. जुनं नाव ठेवावं तर पुरावे गोळा करता करता मुलाखत निघून गेली असती, आणि पुढची कधी होईल ते कॉलेजातही कुणाला सांगता येत नव्हतं.

तिचं बोट अडलं.

"कावून थांबली?"

"बाबाचं नाव जाते न आई याच्यात."

"तुह्या बाबानं नावासाठी वाह्यली काय मुळं? दाब."

तिनं दाबलं. थोड्या वेळानं सगळे निबंध एका नावाखाली येऊन बसले. तिनं मोठा श्वास सोडला आणि कॉलेजात फोन लावायला बाहेर गेली.

मी खुर्ची पुढे ओढली. शाळेत शिकवत होते, तेवढं इंग्रजी मला वाचता येतं. पानमळ्यावरचा पहिला निबंध उघडला. वर वेबसाइटनं आताच बदललेलं लेखिकेचं नाव, अश्लेषा येऊल. खाली गोषवारा, आणि त्याखाली आभार: आपला पानमळा अभ्यासासाठी दिल्याबद्दल अंजनगावचे शेतकरी श्री. खुशालराव ढगे यांची लेखिका ऋणी आहे.

मी ती ओळ पुन्हा वाचली. अश्लेषा येऊल आभार मानत होती, कुण्या एका शेतकऱ्याचे.