बारा खाचा

साहेबांनी पारदर्शक पिशवी कामाच्या टेबलावर ठेवली आणि विचारलं, "हे ओळखता का?"

पिशवीत अंगठ्याच्या नखाएवढा पांढरा प्लॅस्टिकचा तुकडा होता. मिस्त्रीने हात पुसायचं निमित्त केलं. ओळखायला काय लागतं? चारी कडा त्याच्याच कानशीने घासलेल्या. एक कोपरा मुद्दाम गोल केलेला, बोटाला लागू नये म्हणून. काम केलं तर नीटच करायचं, ही त्याची खोड. आज ती खोड पिशवीत बसून त्याच्याकडे बघत होती.

"बघावं लागेल," तो म्हणाला.

"बघा सावकाश. तुमच्या भाऊजींच्या इंजिनात सापडलाय."

साहेब कंपनीचे होते. लहान बोटींना मागे लावायची इंजिनं बनवणारी कंपनी. मिस्त्रीच्या दुकानावर तिचीच निळी पाटी होती, अधिकृत दुरुस्ती केंद्र म्हणून. या इंजिनाबरोबर एक लाल दोरी येते. एक टोक चालवणाऱ्याच्या मनगटात अडकवायचं, दुसऱ्या टोकाची क्लिप इंजिनाच्या बटणाखाली बसवायची. माणूस पाण्यात पडला की दोरी ओढली जाते, क्लिप निघते, इंजिन बंद. युक्ती झकास आहे. ती काढणाऱ्याला मिस्त्रीने मनातल्या मनात हातही जोडले होते. पहिले दोन महिने.

मग बटणातल्या स्प्रिंगा गंजायला लागल्या. स्प्रिंग ढिली पडली की बोट जराशी आदळली तरी क्लिप आपोआप सुटायची. शांत पाण्यात इंजिन बंद पडलं तर माणूस शिवी देतो आणि पुन्हा चालू करतो. खाडीच्या तोंडाशी लाटा फुटतात, तिथे बंद पडलं तर शिवी द्यायलाही सवड मिळत नाही. बोट आडवी होते. खाऱ्या पाण्यावर चालायचं इंजिन बनवायचं आणि त्यात खाऱ्या पाण्याला न टिकणारी स्प्रिंग घालायची, याला चूक म्हणत नाहीत. कुणीतरी पंख्याखाली बसून ते ठरवलेलं असतं.

मिस्त्रीने कंपनीला तीन पत्रं लिहिली. पहिल्याचं उत्तर म्हणून एक छापील पुस्तिका आली, दोरी मनगटात घाला असं चित्रासकट सांगणारी. पुढच्या दोन पत्रांना तेवढंही नाही. सुटी स्प्रिंग मिळत नव्हती. अख्खं बटण नवं मिळायचं, त्यातही तीच स्प्रिंग. शेवटी एक दिवस भाऊजी घरातला जुना प्लॅस्टिकचा चॉपिंग बोर्ड काखेत मारून आले आणि म्हणाले, यातून काही होतंय का बघ. झालं. क्लिपच्या जागी गच्च बसणारा, कितीही आदळलं तरी न हलणारा ठोकळा. पहिला भाऊजींना. मग सगळे मागायला आले. बारा बोटी, बारा ठोकळे. निघालेल्या लाल दोऱ्या दुकानातल्या खिळ्याला लटकल्या.

आणि सतरा दिवसांपूर्वी सकाळी भाऊजी जाळ्याची अडकलेली दोरी सोडवायला वाकले आणि पडले. पाणी इतकं शांत होतं की त्या दिवशी ठोकळ्याची गरजही नव्हती. इंजिन चालूच राहिलं. रिकामी बोट गोल फिरून त्यांच्यावर आली.

ताईने, म्हणजे मिस्त्रीच्या थोरल्या बहिणीने, कंपनीवर केस केली होती. म्हणून साहेब आले होते. माणूस वाईट नव्हता. आवाज खाली ठेवून बोलत होता, टेबलावरच्या ग्रीसला बाही लागू नये म्हणून जपत होता. त्याने टाईप केलेला कागद पुढे सरकवला. दोन वाक्यं होती: चालकाला दोरी वापरण्याबद्दल मी समजावून सांगितलं होतं. चालकाने ती स्वतःच्या जबाबदारीवर काढली.

ठोकळ्याचं नाव कुठेच नव्हतं.

"हा कुणी बनवला ते मी विचारत नाही," साहेब पिशवी खिशात टाकत म्हणाले. "मी विचारलं तर पोलीसही विचारतील. तुमची पाटी जाईल ती वेगळीच. माणूस तर गेलाच ना. आता तुम्ही कशाला अडकता?"

चारला येतो म्हणाले आणि गेले.

मिस्त्री कागदाकडे बघत राहिला. समजावून सांगितलं होतं हे खरंच होतं. प्रत्येकाला सांगितलं होतं, आणि सांगून झाल्यावर ठोकळाही दिला होता. खोटं बोलायची गरजच नव्हती, हीच तर त्या कागदाची हुशारी. सही केली की सुटका. भाऊजी काही उठून सांगणार नव्हते.

त्याने शटर अर्धं ओढलं आणि मागच्या गल्लीतल्या ताईच्या घरी गेला. सतरा दिवसांत त्याने सगळं केलं होतं. खांदा दिला, दवाखान्याचे कागद आणले, ताईला दोन घास खा म्हणून दटावलं. एवढं एकच तोंडातून निघालं नव्हतं.

ताई जमिनीवर बसून जाळ्यातला गुंता सोडवत होती. तो साहेबांबद्दल बोलला, कागदात काय आहे ते सांगितलं. मग नळ ठिबकतोय म्हणाला. पाना घेऊन नळाचा वॉशर बदलला, दोनदा उघडझाप करून पाहिली. आणखी काही मोडलेलं सापडेना तेव्हा भिंतीकडे तोंड करूनच म्हणाला, "ताई, भाऊजींच्या इंजिनातला तो तुकडा मी केलेला."

"माहितीये," ताई म्हणाली. "माझ्या चॉपिंग बोर्डाचा."

तो वळला. ताईची बोटं थांबली नव्हती. ती सांगू लागली. गेल्या वर्षी वाऱ्याच्या दिवसांत ती दोघं पलीकडच्या काठावरून परत येत होती. खाडीच्या तोंडाशी इंजिन बंद पडलं. बोट आडवी झाली, कमरेपर्यंत पाणी आलं. भाऊजींनी इंजिन सुरू करायची दोरी किती वेळा ओढली ते तिने मोजलं होतं. नऊ वेळा. दहाव्यांदा लागलं. घरी आल्यावर म्हणाले, कुणाला सांगू नकोस, लोक हसतील, बायकोला बुडवायला नेली होती म्हणतील.

"तुलाही सांगू दिलं नाही. आणि तरी ठोकळा नको म्हणत होते. पडलो तर काय, म्हणाले. मीच मागे लागले. बोर्ड मीच काढून दिला त्यांच्या हातात."

ताईने वर बघितलं.

"लहानपणी बाबांचं घड्याळ मोडलंस तेव्हा तिसऱ्या दिवशी कबूल झालास. आता सतरा लागले. म्हातारा झालास तू."

"सही केली तर सगळं भाऊजींवर जातं."

"आणि नाही केली तर तुझ्यावर. कंपनीसाठी जागा आहे का रे त्या कागदावर?"

"नाही."

"मग तो कागद कसला?"

"पोलीस आले तर?"

"येऊ देत. बोर्ड कुणी दिला तेही लिही. आणि उरलेला बोर्ड परत आण, वर्षभर ताटलीवर कांदा चिरतेय मी."

चारला साहेब आले तेव्हा टाईप केलेल्या दोन वाक्यांवर आडवी रेघ होती. कागदाची मागची बाजू मिस्त्रीच्या मोठ्या, उतरत्या अक्षरांनी भरली होती. ठोकळा मी केला. बोर्ड बहिणीने दिला. दोरी भाऊजींनी काढली. का काढली ते तीन पत्रांत आहे, नकला जोडल्या आहेत. पुढे शेवटी लिहिलं होतं: अकरा बोटी अजून तशाच चालतात. ठोकळा काढला तर तोंडाशी मरतील, ठेवला तर भाऊजींसारखे. काय करायचं ते तुमच्या सहीने लिहून द्या.

साहेबांनी कागद दोनदा वाचला. "हे तुमच्याच अंगाशी येईल."

"आलंच आहे."

मिस्त्रीने गंजलेल्या स्प्रिंगांची बरणी पुढे सरकवली. ती नेण्याचा मला अधिकार नाही, साहेब म्हणाले. मग लिहून तरी द्या, मिस्त्री म्हणाला. तोही अधिकार नव्हता. कागदाची घडी घालून साहेब निघाले. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी एकदा वर निळ्या पाटीकडे बघितलं.

पाटी आपणच उतरवावी की येणाऱ्यांना उतरवू द्यावी, हे मिस्त्रीला ठरवता येईना. त्याने बोर्ड घेतला आणि ताईकडे गेला.

तिने बोर्डाच्या कडेवरून बोट फिरवलं. बारा खाचा. पहिली जरा वाकडी होती. तेव्हा हात बसला नव्हता. तिने बोर्ड घासला, धुतला, न कापलेली बाजू आपल्याकडे केली आणि कांदा घेतला.

बाहेर खाडीत एक इंजिन सुरू झालं. दोघांनी कान दिला. आवाज हळूहळू तोंडाच्या दिशेला सरकला. ताईची सुरी कांद्यावर टेकलेली होती. तोंड ओलांडून आवाज पार लांब जाईपर्यंत ती तशीच टेकलेली राहिली.