टेकडीवरचा ओडोंगो

मित्रांनो, नाम लोल्वे नावाच्या सरोवरातल्या आमच्या बेटावर, टेकडीच्या माथ्यावर लोखंडी खांबाला एक पिवळा पडलेला डबा बांधलेला आहे. त्याला तीन शिंगं, त्यातलं एक वाकडं. तोच मी. मला राउटर म्हणतात. माणसांचे निरोप हवेतून इकडचे तिकडे करणं हे माझं काम.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. डोळे उघडले ते अदोयोच्या टेबलावर. बेटावरच्या साऱ्या राउटरांची देखभाल तीच करते. एकाच खोक्यातून आम्ही दोघे निघालो. आमच्याकडे जुळ्यांतल्या पहिल्याला ओपियो म्हणतात आणि मागून येणाऱ्याला ओडोंगो. तीच नावं तिने आम्हाला दिली. ओपियो बाजारात पंख्याखाली गेला आणि मी टेकडीवर आलो.

सुरुवातीला माझं फार कौतुक झालं. ढग माझ्या खांद्यावर डुलकी काढत. सरोवरातून चिलटांचे लोट उठत, ते इतके दाट की एकदा एक शेळी त्यांवर पाय देत वर आली आणि माझी वायर चाखून गेली. खोटं वाटत असेल तर शेळीला विचारा, ती अजून आहे.

मग मी जुना झालो. ओपियोला नवं फर्मवेअर, म्हणजे डोक्यातली नवी आज्ञावली, मिळत गेलं. माझ्यात काही बिघडलं तर टेकडी चढावी लागेल, म्हणून मला कुणी हात लावेना.

आमचे कोळी ओमेना मासे अंधाऱ्या पंधरवड्यात, होडीवर दिवे लावून धरतात. मागच्या खेपेला अचानक सुटलेल्या वाऱ्याने एक होडी नेली. ती माणसं परत आली नाहीत. तेव्हा अदोयोने माझ्या अंगाला वारा मोजणाऱ्या वाट्या जोडल्या. वारा चढला की मी सगळ्यांच्या फोनवर इशारा द्यायचा, आणि ही सोय पुढच्या अंधाऱ्या पंधरवड्याआधी व्हायला हवी होती.

पण माझ्या पोटात कर्नल नावाचा एक म्हातारा कारभारी बसतो. त्याला वाट्यांची भाषा कळेना. त्यासाठी दुभाषी लागतो, त्याला मॉड्यूल म्हणतात. अदोयोने तो स्वतः लिहिला, बाजारात ओपियोवर चालवून पाहिला आणि तोच माझ्याकडे पाठवला. कारभाऱ्याने दारातूनच परतवला.

"घेत का नाही हा?" ओगोलाकाकांनी विचारलं. काका म्हणजे अदोयोचे चुलते, होडीचे म्होरके.

"त्याच्या ओळखीचा नाही म्हणतो."

"माझ्या धाकट्या सुनेसारखाच दिसतोय. अगं, जुळ्यांत भेद करायचा नसतो. एकाला जे दिलं तेच दुसऱ्याला. घाल जबरदस्तीने."

उद्यापासून अंधारा पंधरवडा सुरू होणार होता. अदोयोने खालूनच घातला, शिवाय मी जागा झालो की तोही आपोआप जागा होईल अशी सोय केली. मग काय, मी जागा झालो की बेशुद्ध पडायचो, पुन्हा जागा, पुन्हा बेशुद्ध. त्या गुंगीत मी सरोवराच्या तळाशी गेलो होतो. चंदेरी ओमेना माझ्या आरपार पोहत होते आणि प्रत्येकाच्या तोंडात कुणाचा तरी निरोप होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अदोयो धापा टाकत वर आली, तिच्यामागून काका. माझा दिवा लुकलुकताना तिने बटण दाबून मला अर्धवट जागं धरलं आणि तो परका दुभाषी बाहेर काढला.

"चूक माझी, काका. दिसायला सारखे असले तरी याचा कर्नल जुना आहे. आता याच्यासाठी नवा कर्नल आणि त्याचं मॉड्यूल एकाच बांधणीतून काढलेत. पॅकेजवर कुठल्या कर्नलसाठी ते लिहिलंय, म्हणजे यापुढे चुकीच्या घरी शिरणार नाही. पण ते याच्यात भरताना वीज गेली तर हा कायमचा गेला. आणि याची बॅटरी थकलीय."

काका टेकडी उतरले. परतले ते डोक्यावर आपल्या होडीच्या दिव्यांची बॅटरी घेऊन.

"आणि मासे?" अदोयो म्हणाली.

"माशांना आज सुट्टी. जोड लवकर."

मी नवा होऊन जागा झालो, तेव्हा सूर्य पाण्याला टेकत होता. खाली बाकीच्या होड्या निघाल्या होत्या, त्यांत काकांचे दोन मुलगे होते. वाट्या गरगरू लागल्या. दुभाष्याने कारभाऱ्याच्या कानात सांगितलं, कारभाऱ्याने मला, आणि मी साऱ्या बेटाला. होड्या क्षणभर थबकल्या. मग एकेक नाक किनाऱ्याकडे वळलं.

काका खांबाला धरून उभे होते. शेवटची होडी वाळूला लागेपर्यंत ते होड्या मोजत राहिले.

"बॅटरी काढू का, काका?"

"राहू दे त्यालाच," काका म्हणाले. "भुकेला दिसतोय."

मित्रांनो, आता माझा रंग उडालाय. तरी एक मागणं आहे. आमच्यासारख्या जुन्यांना नवं काही द्याल, तेव्हा आधी आमच्या पोटात काय आहे ते विचारा. आणि कुणी उंचावर एकटा असला, तर अडचण येण्याआधी एकदा तरी टेकडी चढून या.