बुवांच्या वाटचं वाचन

जगभरातले औषधांचे प्रयोग गोळा करायचे, धान्यासारखे पाखडायचे, खडे वेचायचे आणि उरलेल्यांची बेरीज मांडून सांगायचं, की बाबांनो, हे औषध खरंच लागू पडतं की नुसतीच हवा. बाईंचा जन्म यातच गेला. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘चाळणी’ म्हणत. बाईंना ते ठाऊक होतं, आणि आवडायचंही.

या कामाची एक रीत असते. प्रत्येक प्रयोग दोघांनी वाचायचा, एकमेकांना न विचारता. मग ताळा करायचा. बाईंचे जोडीदार म्हणजे संख्याशास्त्रवाले बुवा. बाईंची आई म्हणायची, दळायला दोघी असल्या की जातं हलकं होतं. बुवांचं उलटं. ते असले की जातं जड! स्वल्पविरामावरूनसुद्धा भांडायचे.

निवृत्तीच्या तोंडावर शेवटचं काम आलं, तान्ह्या बाळांच्या तापावरच्या औषधाचं. अहवाल समितीपुढे जाणार, तिथून डॉक्टरांना सूचना सुटणार. नेमकी तेव्हाच बुवांना कावीळ झाली. बाईंनी त्यांच्या वाटचं वाचनही स्वतःच उरकलं. इतक्या वर्षांत बुवांचं डोकं आपल्याला पाठ झालंय, अशी मनाची समजूत घातली. दोन्ही वाचनं तंतोतंत जुळली. जुळणारच की! औषध गुणकारी ठरलं.

समितीच्या दिवशी सकाळी बुवा हजर. ताळा पाहून म्हणाले, “एकही भांडण नाही? बाई, मी आजारी होतो की मेलो होतो?”

“दुपारी बैठक आहे, बुवा. आता खोडा घालू नका.”

“खोडा कसला? माझ्या वाटचं मी वाचतो.”

बाई फणकारून खिडकीशी जाऊन बसल्या. बऱ्याच वेळाने बुवांनी हाक मारली.

“हे दोन प्रयोग बघा. लेखक वेगळे, साल वेगळं. पण बाळांची वजनं दशांशापर्यंत सारखी, प्रयोगातून मधेच गळालेली बाळंही तेवढीच. एकच प्रयोग दोनदा छापलाय.”

बाईंनी एक वगळून बेरीज पुन्हा मांडली. औषधाचा गुण पार विरघळून गेला. किती तान्ह्यांच्या तोंडी गेलं असतं ते!

त्यांनी समितीच्या अध्यक्षांना फोन लावला. “अहवाल मागे घेते. दोघांनी वाचायचं ते मी एकटीनेच वाचलं होतं.”

“मग औषध द्यायचं की नाही?”

“अजून कळलेलं नाही.”

“शेवटच्या कामात हे सांगताय?”

“बुवा होते म्हणून सांगता तरी आलं,” बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

बुवा चाचरत म्हणाले, “बाकीचेही पुन्हा वाचावे लागतील. निवृत्ती लांबेल तुमची.”

“लांबू द्या,” बाई म्हणाल्या. मन पिसासारखं हलकं झालं होतं. “पण बुवा, माझ्याशी असंच भांडत राहा हो.”

“त्यात काय, फुकटच भांडतो!”