लांब मिशांचा नाकतोडा

कमलाक्षीवैनी बांधाच्या मधोमध फतकल मारून बसली, छत्री उघडली आणि म्हणाली, "मारा आतां."

तणनाशकाची टाकी पाठीवर घेतलेला माणूस जागच्या जागी थांबला. त्याच्या मागं श्रीनिवासराव उभा होता, वैनीचा धाकटा दीर, बांधापलीकडच्या शेताचा मालक. वय बासष्ट, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं, चप्पल हातात. ऐप्पसी महिन्याच्या पावसात आमच्या तमिळ मुलखातली माती चप्पल मागून घेते आणि परत देत नाही, म्हणून शहाणा माणूस ती आधीच काढून हातात धरतो.

"वैनी, उठा. हें गवतावर मारण्याचें औषध अहे. माणसांवर मारण्याचें नाहीं."

"मग गवतावरच मारा. मी गवतावर बसली अहें."

"बांध दोघांचा अहे."

"माझ्या अर्ध्यावर बसली अहें."

"अर्धा कोणता?"

"ज्यावर मी बसली अहें, तो."

टाकीवाल्यानं माझ्याकडं पाहिलं. मी वायकालाच्या, म्हणजे पाटाच्या, पलीकडं माझ्या तुकड्यात उभा होतो. मी व्यंकटरमण. या दोघांच्या भांडणात मला दोन्हीकडून बोलावणं येतं आणि दोन्हीकडून हाकलून देतात. मी खाली वाकून भाताचं रोप निरखू लागलो. त्या रोपात निरखण्यासारखं काही नव्हतं.

तासभर गेला. पाऊस येऊन गेला. वैनी छत्रीखाली कोरडी आणि श्रीनिवासराव ओला. शेवटी टाकीवाला म्हणाला, मला पुढच्या गावी जायचं आहे. तो गेला. त्या दिवशी बांधावरचं गवत वाचलं, एवढंच.

आता हे गवत वैनीला का हवं होतं, ते सांगतो.

आदल्या वर्षी तिनं सांब्याच्या हंगामात तीनदा फवारणी केली होती. सांबा म्हणजे आमचं लांब मुदतीचं भात, पावसाळ्यात लावायचं आणि पोंगलच्या सुमारास कापायचं. खोडकिडा लागला होता. तिसऱ्या फवारणीच्या दिवशी वारा उलटा फिरला आणि मणी पडला. मणी हा तिच्या शेतावर तीस वर्षं राबणारा माणूस, पन्नाशी उलटलेला. तिच्या घरात वावरून तो आपली मराठी बोलतो, नुसता हेल तमिळ. तो चिखलात पालथा पडला. वैनीनं त्याला पायाला धरून ओढत बांधावर आणलं, तोंड धुतलं, आणि गावच्या बसमध्ये आडवा घालून दवाखान्यात नेलं. तीन दिवस तो तिथं होता. चौथ्या दिवशी आला तेव्हा वैनीनं टाकी उचलून गोठ्यात उलटी घातली आणि म्हणाली, "माझ्या भातासाठीं कोणी आतां ही पाठीवर घेणार नाहीं."

आणि एवढं करून पीक काही वाचलं नाही. लोंब्या पांढऱ्या पडल्या. खोडकिड्याची पांढरी लोंबी ताठ उभी राहते, जशी काही फार दाणा भरला आहे. चिमटीत धरून ओढली की मुळाशिवाय सहज हातात येते. वैनीच्या अर्ध्या शेतात अशा ताठ लोंब्या होत्या.

तेव्हा श्रीनिवासराव बोलला होता, आणि वाईट मनानं बोलला नव्हता. "दादा गेल्यास सहा वर्षं झालीं. तुम्ही एकट्या. शेत मज करण्यास द्या, भात घरीं पोचवितों. तुम्ही बंगळूरास मुलाकडे जाऊन रहा."

बंगळूरला मुलाचं घर अकराव्या मजल्यावर. वैनी एकदा आठ दिवस राहून आली होती. कसं आहे म्हणून विचारलं तर म्हणाली, "माती पाहण्यास लिफ्ट लागते."

तरी ती दिराला म्हणाली, "एक वर्ष द्या. पुन्हा पांढरें पडलें तर शेत तुमचें करणें, मी जातें." हे माझ्यासमोर ठरलं. मी साक्षीदार.

यंदा मणीला डॉक्टरनं औषधाच्या वासालासुद्धा जाऊ नको म्हणून सांगितलं होतं, आणि वैनी त्याला जड काम देत नव्हती. मग मणी काय करणार? बांधावर बसायचा आणि पाहायचा. तीस वर्षं ज्या शेतात वाकून काम केलं, ते त्यानं प्रथमच बसून पाहिलं.

एके दिवशी दुपारी तो वैनीच्या ओसरीवर आला. हातात भाताचं एक पान. पानाच्या टोकाला करड्या रंगाचा, केसाळ असा डाग, बाजरीच्या दाण्याहून जरा मोठा.

"अम्मा, हीं खोडकिड्याचीं अंडीं. पिवळें फुलपाखरूं घालतें आणि वरून अंगचे केस चिकटवितें, गोधडी घातल्यासारखें."

"ठाऊक अहे. मग?"

"एक नाकतोडा हें खात होता."

"नाकतोडा पान खातो."

"तो आंखूड मिशांचा. हा वेगळा. ह्याच्या मिशा अंगाहून लांब. हिरवा, पाठीवर तपकिरी पट्टा. आणि लबाड अम्मा! आपण ह्या बाजूनें पाहिलें कीं तो काडीच्या त्या बाजूस सरकतो. आपण फिरलों कीं तोही फिरतो. मी एका काडीभोंवतीं पांच फेरे घातले."

"प्रदक्षिणा पुरी केलीस कां?"

"दोन राहिल्या," मणी गंभीरपणे म्हणाला.

वैनीनं लोणच्याच्या दोन बरण्या धुतल्या. एकीत आखूड मिशांचा नाकतोडा घातला, दुसरीत लांब मिशांचा. दोन्हींत अंड्यांचा डाग असलेलं एकेक पान. तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधला, आणि दोन्ही बरण्या देवघराशेजारच्या कोनाड्यात ठेवल्या. दुसऱ्या दिवशी मला आणि श्रीनिवासरावाला कॉफीला बोलावलं.

पहिल्या बरणीत पानाची नुसती शीर उरली होती. डाग मात्र शाबूत. त्याच्या कडेकडेनं त्या प्राण्यानं सगळं खाल्लं होतं. दुसऱ्या बरणीत गोधडी फाटलेली, करडे केस तळाशी विखुरलेले, आणि अंड्याचा ठिपका नाही.

श्रीनिवासरावानं चष्मा लावला. बरणी उजेडाकडं धरून बराच वेळ फिरवली. आतला प्राणी पान मध्ये ठेवून त्याच्या उलट दिशेनं फिरत राहिला.

"पानाची कड खाल्ली अहे," श्रीनिवासराव म्हणाला.

"खाल्ली अहे."

"म्हणजे हाही पीक खातो."

"जेवण झाल्यावर विडा नको कां?"

श्रीनिवासरावानं कॉफी संपवली आणि मी फवारणी करणारच असं सांगून गेला. त्याचं शेत, त्याची टाकी. त्याला कोण अडवणार? बांधावर मात्र वैनी अडवू शकत होती, आणि लांब मिशांचे बांधावरच्या गवतात राहतात हे मणीनं पाहिलं होतं, म्हणून ती छत्री घेऊन तिथं बसली, ते सुरुवातीला सांगितलंच.

रविवारी त्याची मुलगी कीर्तना त्रिचीहून आली. ती तिथं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. बापानंच तिला शेतावर नेलं, काकीची समजूत घालायला म्हणून. कीर्तना चिखलात अर्धा तास वाकून बसली. मग शेपटाशी तलवारीसारखं काही असलेला एक नाकतोडा अलगद पकडून तिनं तळहातावर धरला.

"ही मादी, अप्पा. ह्या तलवारीनें गवताच्या काडीला चीर पाडून आंत अंडीं घालते. बांधावरचें गवत जाळलें, औषध मारलें, कीं हिचीं पोरें गेलीं. पुढच्या पिकाला राखण कोणी नाहीं."

"गवतांत उंदीर होतात," श्रीनिवासराव म्हणाला. ते खोटं नव्हतं.

"होतात. उंदरांस सांपळा लावा."

"आणि ही पीक खात नाहीं म्हणून लिहून देतेस?"

"नाहीं देत. थोडें खाते. फुलोऱ्यांतही तोंड घालते. पण खाण्याहून राखते ज्यास्त."

"आमच्या मणीसारखी," वैनी म्हणाली. मणी मागंच उभा होता. त्यानं मान डोलावली.

श्रीनिवासराव मुलीला म्हणाला, "तुज मी वैनींची समजूत घालण्यास आणिलों होतों."

"घातली, अप्पा. बरोबर अहेत म्हणून सांगटलें."

त्यानंतर त्यानं बांधावर टाकी नेली नाही. पण स्वतःच्या शेतात फवारणी केलीच, दोनदा. दुसऱ्या वेळी सकाळी वारा पूर्वेचा होता तो अकराच्या सुमाराला फिरला. औषधाचं धुकं बांध ओलांडून वैनीच्या सहा ओळींवर गेलं. दुपारी मणी तोंडाला पंचा बांधून कडेकडेनं पाहून आला.

"लांब मिशांचे पाण्यावर पडले अहेत, अम्मा. मिशा हलतात अजून कांहींच्या."

वैनी उठली, बांधावर जाऊन पाहून आली. ती रागावेल असं मला वाटलं होतं. ती ओसरीवर बसून शेंगा सोलू लागली, आणि सोलता सोलता टरफलं परडीत आणि दाणे अंगणात टाकू लागली. हे तिला बऱ्याच वेळानं कळलं. मग दाणे वेचून घेतले, धुतले, आणि आत गेली.

दिराला ती काही बोलली नाही. बोलली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तो दोन दिवस माझ्या घरी येऊन, "वैनी कांहीं म्हणाली कां?" म्हणून विचारत होता.

मार्गळी महिन्यात लोंब्या निसवल्या. पहाटे धुकं, पायाखाली थंड चिखल, देवळातून गाणी. आणि लोंब्यांत पांढरं दिसू लागलं. आधी श्रीनिवासरावाच्या शेतात, मग वैनीच्याही. ज्या दिवशी तिच्या शेतात पहिली पांढरी लोंबी दिसली, त्या दिवशी ती जेवली नाही. मुलाचा फोन आला तेव्हा तिनं विचारलं, तुझ्या घराच्या गॅलरीत किती ऊन येतं?

पांढरं किती आणि कोणाकडं जास्त, हे मोजून पाहायचं दोघांनी ठरवलं, आणि मोजणी झाली. माझ्यासमोर. बांबूच्या चार काठ्यांची चौकट केली, एक काठी दोन हातांची. ती डोळे मिटून फेकायची, आणि जिथं पडेल तिथं आतल्या पांढऱ्या लोंब्या ओढून काढून मोजायच्या. दोन्ही शेतांत पाच पाच वेळा. फेकायचं काम मला दिलं, कारण माझा नेम कधीच लागत नाही, हे दोघांनाही मान्य होतं.

श्रीनिवासरावाच्या शेतात पहिल्या चौकटीत सत्तावीस. मग एकतीस, चोवीस, बावीस, एकोणतीस.

वैनीच्या शेतात पहिली चौकट औषध उडालेल्या सहा ओळींत पडली. एकोणीस. वैनीनं पदर तोंडाला लावला. दुसरी पडली आत. सात. मग पाच, नऊ, सहा.

"पुन्हा मोजा," श्रीनिवासराव म्हणाला.

पुन्हा मोजायला लोंब्या शेतात नव्हत्या, माझ्या मुठीत होत्या. त्या त्याच्या हातात दिल्या. त्यानं बांधावर बसून एकेक मोजली. सात त्या सातच. मग त्यानं पहिल्या एकोणीसची जुडी उचलली आणि बराच वेळ हातात धरली. ती कुठली, का इतकी, हे त्याला कोणी सांगावं लागलं नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

"ह्या माझ्या अहेत," तो म्हणाला आणि ती जुडी स्वतःच्या ढिगात टाकली.

वैनीनं तोंडावरचा पदर काढला. मग म्हणाली, "कॉफी घेऊन जा, भावजी."

"साखर कमी करा."

शेताचा विषय तिथं संपला. पुन्हा तो कोणी काढला नाही. मुलाला वैनीनं फोनवर सांगितलं, यंदा यायला होत नाही, कापणी आहे.

कापणी झाली, पोंगल झाला. शेतं मोकळी पडली, नुसते खुंट. हिरवं उरलं ते बांधावरचं गवत, आणि सगळे लांब मिशांचे त्यात येऊन राहिले. श्रीनिवासरावानं गवताला हात लावला नाही. विचारलं तर म्हणायचा, गाईला लागतं. त्याची गाय दोन वर्षांपूर्वीच विकली आहे. उंदरांसाठी मात्र चार सापळे आणले, आणि त्यांतले दोन वैनीच्या बाजूला लावले.

मासी महिन्यातली गोष्ट. ऊन चढलेलं. मी, वैनी आणि मणी बांधावर उभे होतो, तेवढ्यात श्रीनिवासराव आला.

"कीर्तनाचा फोन होता," तो म्हणाला. "म्हणते, नर उन्हांत गातात. पंखांवर पंख घासून. ऐकिलें कां म्हणून विचारते. काय सांगूं?"

मणीनं बोट वर केलं. "आतां गातात की. तें पाहा. टिक टिक टिक, मग च्रर्रर्र. फार बारीक."

आम्ही चौघे गप्प उभे राहिलो. माझं वय सदुसष्ट. मला वारा ऐकू आला, लांब मोपेड ऐकू आली, आणि काही नाही. वैनी डोळे मिटून उभी होती. श्रीनिवासराव मान वाकडी करून.

"येतें कां ऐकूं?" त्यानं हळूच वैनीला विचारलं.

वैनीनं डोळे उघडले नाहीत. "येतें की. तुम्हांस?"

"स्वच्छ."

आणि दोघं मान डोलावू लागले. तालात. मीही डोलावली. दरवर्षी गाण्याचा मोठा उत्सव भरतो त्या तिरुवैयारूपासून आमचं गाव दोन कोसांवर. गाणं ऐकू येत नसलं तरी मान कशी डोलवायची, हे इथं कोणाला शिकवावं लागत नाही.